कम्युनिटी कॉलेजातला ऑनर्स प्रोग्राम: कॅलिफोर्नियात नव्यानं आलेल्यांसाठी

कॅलिफोर्नियात 116 कम्युनिटी कॉलेजं आहेत. राज्याच्या रहिवाशाला तिथं एका युनिटला (म्हणजे एका क्रेडिटला) 46 डॉलर पडतात, आणि डी अँझा-फूटहिलसारख्या क्वार्टर पद्धतीच्या (वर्षात छोटी तीन-चार सत्रं असलेल्या) कॉलेजांत 31. पहिली दोन वर्षं इथं काढायची आणि तिसऱ्या वर्षाला यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा सीएसयूत (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) ट्रान्सफर व्हायचं, हा इथला रुळलेला रस्ता आहे. तरीही महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात कुणी "मुलगी कुठे असते सध्या?" असं विचारलं की कॉलेजचं नाव सांगताना आईवडिलांचा आवाज थोडा उतरतो. मग कुठूनतरी कानावर येतं की या कॉलेजांत ऑनर्स प्रोग्रामही असतो, आणि त्यातून थेट यूसीएलएला, म्हणजे यूसीच्या लॉस एंजेलिसच्या आवाराला, जाता येतं.

यातलं "थेट" खरं नाही. बाकीचं बरंचसं खरं आहे, पण त्याला अटी आहेत. हा लेख त्या अटींबद्दल आणि प्रवेशाच्या पायऱ्यांबद्दल आहे. यात आलेले नियम कॅलिफोर्नियाचे आहेत. टेक्सस, न्यू जर्सी किंवा फ्लोरिडातल्या कॉलेजांतही असे प्रोग्राम चालतात, पण तिथले करार वेगळ्या विद्यापीठांशी असतात.

आधी ओळख करून घ्या

ऑनर्स प्रोग्राम म्हणजे वेगळी पदवी नव्हे. भारतातल्या चार वर्षांच्या ऑनर्स पदवीशी त्याचा काही संबंध नाही. कॉलेजातल्या नेहमीच्याच काही विषयांचे ऑनर्स वर्ग निघतात. त्यांत मुलं कमी असतात, साधारण 20 ते 25. वाचन जास्त असतं, मूळ कागदपत्रं हाताळावी लागतात, चर्चा असते, शेवटी एखादा संशोधन निबंध असतो. ठरलेल्या संख्येनं असे वर्ग पूर्ण केले आणि जीपीए (4 पैकी सरासरी ग्रेड) राखला की प्रोग्राम पूर्ण झाला असं कॉलेज प्रमाणित करतं. बहुतेक ठिकाणी हे पाच-सहा वर्ग किंवा 15 युनिटच्या आसपास असतं. त्यासाठी वेगळी फी सहसा नसते.

फाय थीटा कॅपाशी मात्र गल्लत करू नका. ती 1918 साली स्थापन झालेली, दोन वर्षांच्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांची सन्मान संस्था आहे. साधारण 12 युनिट झाली आणि जीपीए 3.5 च्या वर असला की तिचं निमंत्रण ईमेलनं येतं. सदस्यत्वाचे पैसे मागणारं ते पत्र बघून अनेकांना ही फसवणूकच वाटते. फसवणूक नाही, संस्था खरी आहे. पण तिचं सदस्य होणं आणि कॉलेजच्या ऑनर्स प्रोग्राममध्ये असणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि ट्रान्सफरसाठी वजन आहे ते दुसऱ्या गोष्टीला.

कुठं जायचंय ते ठरवा, मग फॉर्म भरा

बहुतेक जण हे उलट्या क्रमानं करतात. आधी प्रोग्राममध्ये शिरतात, आणि वर्षभरानं कळतं की त्यांच्या शाखेला त्याचा थेट उपयोग नाही.

ज्या गोष्टीमुळं या प्रोग्रामचा एवढा बोलबाला आहे ती म्हणजे यूसीएलएचा ट्रान्सफर अलायन्स प्रोग्राम. सगळे त्याला टॅप म्हणतात. सँटा मोनिका, पॅसाडिना सिटी, फूटहिल अशी बरीच कॉलेजं त्यात सामील आहेत. पूर्ण यादी यूसीएलएच्या संकेतस्थळावर मिळते, आणि आपलं कॉलेज त्यात आहे का हे पहिल्याच दिवशी बघावं. तुमच्या कॉलेजनं तुम्हाला टॅपसाठी प्रमाणित केलं तर यूसीएलए तुमच्या अर्जाचा प्राधान्यानं विचार करतं. पहिल्या पसंतीच्या विषयाला जागा मिळाली नाही तर दुसऱ्या पर्यायी विषयासाठीही अर्ज बघितला जातो, जे एरवी होत नाही. हा खरोखरच मोठा फायदा आहे. हमी मात्र नाही.

आता मराठी घरांच्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाची अट. टॅपचा लाभ यूसीएलएच्या कॉलेज ऑफ लेटर्स अँड सायन्समधल्या विषयांना मिळतो. इंजिनिअरिंग त्यात येत नाही, नर्सिंग नाही, चित्रपट-नाट्य विभागही नाही. आणि यूसीएलएत कॉम्प्युटर सायन्स इंजिनिअरिंगच्या स्कूलमध्ये आहे. म्हणजे आपल्याकडची दहातली निम्मी मुलं ज्या विषयासाठी धडपडतात, त्याच विषयाला टॅप उपयोगी नाही. इकॉनॉमिक्स, सायकॉलॉजी, बायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स, मॅथेमॅटिक्स ऑफ कॉम्प्युटेशन हे विषय लेटर्स अँड सायन्सचे आहेत, त्यांना आहे.

टॅगचं प्रकरण निराळं आहे. नावं सारखी असल्यानं घोळ होतो. टॅग म्हणजे यूसीची ट्रान्सफर प्रवेशाची हमी. ती यूसीची सहा आवारं (कॅम्पस) देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो देत नाहीत. टॅगसाठी ऑनर्सची गरज नाही, ठरलेले विषय आणि जीपीए पुरतो. मात्र काही आवारांनी कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंग हमीतून वगळलेलं आहे. एका विद्यार्थ्याला एकाच आवारासाठी टॅग भरता येतो, आणि त्याच वर्षी टॅपमधून यूसीएलएलाही अर्ज करता येतो. दोन्ही जमत असतील तर दोन्ही करावं.

मग कॉम्प्युटर सायन्सवाल्यांनी ऑनर्स सोडून द्यावं का? माझ्या मते सगळं सोडू नये, पण पूर्ण प्रमाणपत्राच्या मागंही लागू नये. त्यांच्यापुढं कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, फिजिक्स आणि प्रोग्रॅमिंगची मोठी रांग असते, आणि प्रवेश त्या विषयांतल्या ग्रेडवर ठरतो. दोन ऑनर्स वर्ग चांगले निवडून घ्यावेत, बस्स. त्यातून काय मिळतं ते पुढं येईलच.

विषयांची ही रांग असिस्ट डॉट ऑर्ग या सरकारी संकेतस्थळावर बघायची. आपलं कॉलेज, जायचं आवार आणि विषय निवडला की कुठला वर्ग कुठल्या वर्गाच्या बरोबरीचा धरला जातो ते समोर येतं. दुसऱ्या बाजूला सामान्य शिक्षणाची यादी असते. 2025 च्या फॉलपासून (ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणारं सत्र) सुरुवात करणाऱ्यांसाठी यूसी आणि सीएसयू दोन्हींकरता एकच यादी आहे, कॅल-गेटक नावाची. जुन्या मित्रमैत्रिणींनी दिलेली आयगेटकची, म्हणजे याआधीची, यादी नव्या मुलांनी वापरू नये. ऑनर्सचे वर्ग बहुतांशी या सामान्य शिक्षणाच्या यादीतूनच उचलायचे असतात: इतिहास, राज्यशास्त्र, इंग्रजी, मानसशास्त्र, संख्याशास्त्र.

कागदपत्रं, आणि बारावीच्या टक्क्यांचा घोटाळा

प्रत्येक कॉलेजची अट वेगळी असते. बहुतेकांचा किमान जीपीए 3.0 ते 3.5 च्या दरम्यान असतो. काही ठिकाणी हायस्कूलच्या गुणांवर पहिल्याच सत्रात घेतात, काही ठिकाणी आधी 12 युनिट करून दाखवा म्हणतात. सोबत एक छोटा निबंध, ट्रान्सक्रिप्ट (गुणांची अधिकृत नोंद), आणि क्वचित एखाद्या प्राध्यापकाची शिफारस. इंग्रजीचा पहिला वर्ग करायची पात्रता जवळपास सगळीकडे लागते.

महाराष्ट्र बोर्डातून बारावी करून आलेल्यांनी इथं एक काळजी घ्यावी. आपल्या गुणपत्रिकेवरचे 78 टक्के म्हणजे डिस्टिंक्शन. बोर्डात 75 च्या पुढं ती मिळते. अमेरिकेत मात्र 78 टक्के म्हणजे "सी" ग्रेड. ऑफिसातल्या माणसानं गुणपत्रिका नुसती चाळली तर तुमचा जीपीए अडीचच्या खाली आहे असं समजून अर्ज बाजूला पडू शकतो. म्हणून गुणपत्रिकेसोबत बोर्डाची श्रेणी समजावणारं एक पान जोडा: 75 च्या वर डिस्टिंक्शन, 60 च्या वर फर्स्ट क्लास, 45 च्या वर सेकंड, 35 ला पास. गुणपत्रिकेच्या मागं छापलेलं काही असेल तर त्याचीही प्रत लावा. भारतात कॉलेजची एखाद-दोन वर्षं झाली असतील तर मूल्यमापन संस्थेकडून विषयवार अहवाल करून घ्यावा लागतो. त्याला वेळ लागतो, तेव्हा ते काम आधी सुरू करा.

व्हिसाचं थोडक्यात. ऑनर्स प्रोग्रामला व्हिसाची आडकाठी नसते. एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) वर असाल तर दर सत्राला किमान 12 युनिट हवीत आणि त्यांत ऑनलाइन वर्ग एकच धरला जातो, त्यामुळं सोयीचा वाटणारा ऑनलाइन ऑनर्स वर्ग घेण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात विचारा. एफ-1 वाल्यांना फी अनिवासी दरानं, म्हणजे कित्येक पट जास्त लागते. एच-4 (एच-1बीसारख्या व्हिसाधारकाच्या कुटुंबीयांचा व्हिसा) वर असलेल्या मुलांना मात्र, राज्यात एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य असेल आणि इथंच राहण्याचा हेतू दाखवता आला, तर निवासी दर मिळू शकतो. एकविसाव्या वर्षी एच-4 संपतो, आणि ते साधारण ट्रान्सफरनंतरच्या काळात येतं. तेव्हा एफ-1 वर जावं लागलं तर निवासी दर टिकेलच असं धरून चालू नका.

काउन्सेलरला भेटणं

कॉलेजच्या नेहमीच्या काउन्सेलिंगच्या रांगेत ऑगस्टमध्ये उभं राहिलात तर पंधरा मिनिटं मिळतील, तीही नशिबानं. ऑनर्सचा बहुतेक ठिकाणी स्वतंत्र काउन्सेलर किंवा समन्वयक असतो. माझ्या मते प्रोग्राममध्ये शिरण्याचं अर्धं कारण हा माणूसच आहे. तो दरवर्षी याच रस्त्यानं जाणारी मुलं बघतो. कुठला विषय दोन वर्षांत एकदाच निघतो, कुठल्या आवारानं यंदा अट बदलली, हे त्याला तोंडपाठ असतं.

जाताना असिस्टवरची दोन-तीन पानं छापून न्या आणि सत्रवार स्वतःचा कच्चा आराखडा न्या. "काय घेऊ?" असं विचारणाऱ्याला छापील उत्तर मिळतं. "मी स्प्रिंगमध्ये हे तीन घ्यायचं ठरवलंय, यातला कुठला ऑनर्स म्हणून घेऊ?" असं विचारलं की समोरचा माणूस खुर्ची पुढं ओढतो. निघताना लेखी एज्युकेशन प्लॅन मागून घ्या.

संबोधनाचंही सांगून ठेवतो. आपल्याला सर-मॅडम म्हणायची सवय. इथं "प्रोफेसर" आणि आडनाव. "कॉल मी माइक" म्हणाले तर माइक म्हणा, संकोच करू नका. ईमेलमध्ये "रिस्पेक्टेड सर" आणि "काइंडली डू द नीडफुल" नको. कुठला वर्ग, कुठला सेक्शन, काय हवंय, तीन ओळीत लिहा.

निबंध

दोनशे ते पाचशे शब्द, आणि प्रश्न थोड्याफार फरकानं एकच: तुम्हाला ऑनर्स का हवंय? दहावीपासूनची टक्केवारी आणि स्पर्धा परीक्षांची यादी लिहू नका, ती ट्रान्सक्रिप्टमध्ये दिसतेच. वाचणाऱ्याला बघायचं असतं की या मुलाला कशाबद्दल तरी खरंच कुतूहल आहे का. सांगली-कोल्हापूरचे पूर स्वतः बघितलेल्या मुलीनं, धरणातून पाणी कधी सोडायचं हे कोण आणि कसं ठरवतं याबद्दल दोन परिच्छेद लिहिले, तर तिला भूगोल किंवा राज्यशास्त्राचा ऑनर्स वर्ग का हवा हे वेगळं सांगावं लागत नाही. यूसीएलएला जायचंय हे एका वाक्यात सांगा. ते लपवायची गरज नाही, पण सबंध निबंधभर तेवढंच असू नये.

वर्ग निवडताना

प्रवेश मिळाला की बहुतेक कॉलेजांत नोंदणीची तारीख इतरांच्या आधी मिळते. कॅल्क्युलसचा चांगला प्राध्यापक मिळवायचा असेल तर या तारखेची किंमत कळते. लेटर्स अँड सायन्सला न जाणाऱ्यांनीही प्रोग्राममध्ये राहण्याचं हे एक सरळ व्यवहारी कारण आहे.

ऑनर्स वर्गाच्या क्रमांकाच्या शेवटी सहसा "एच" असतो. 2025 पासून राज्यभर विषयांना सारखे क्रमांक देणं सुरू झालंय, त्यामुळं इंग्रजीचा पहिला वर्ग सी1000 आणि त्याचा ऑनर्स अवतार सी1000एच असा दिसेल. एकाच विषयाचे साधा आणि ऑनर्स असे दोन्ही वर्ग करू नका. यूसी त्यांतल्या एकाचीच युनिट धरतं.

पहिल्या सत्रात एकच ऑनर्स वर्ग घ्या. घरातून "दोन-तीन घे की, लवकर संपेल" असा आग्रह होईल. तो मोडा. यूसी ट्रान्सफरचा जीपीए काढताना कम्युनिटी कॉलेजच्या ऑनर्स वर्गाला जादा गुण देत नाही. हायस्कूलमध्ये एपी (कॉलेज पातळीचे विषय) आणि ऑनर्सला जादा वजन मिळतं, ते इथं नाही. ऑनर्समधला "बी" हा बीच राहतो. म्हणून ज्या विषयात मुळात रस आहे आणि लिहायला हात चालतो तो विषय पहिला. नव्यानं आलेल्यांनी अमेरिकन इतिहासाचा ऑनर्स वर्ग पहिल्याच सत्रात घेऊ नये असं माझं मत आहे. इथल्या मुलांनी शाळेत जे दोनदा वाचलेलं असतं ते तुम्ही पहिल्यांदा वाचत असता, वर मूळ दस्तावेज. मानसशास्त्र किंवा संख्याशास्त्रापासून सुरुवात बरी.

ऑनर्स वर्ग भरला नाही तर सत्राच्या तोंडावर रद्दही होतो. त्या वेळेचा साधा वर्ग हेरून ठेवा. जागा भरली असेल तर वेटलिस्टवर नाव घालून पहिल्या दिवशी हजर राहा, कारण पहिल्या तासाला न आलेल्यांची नावं प्राध्यापक काढून टाकतात आणि जागा तिथंच मोकळ्या होतात. तुम्ही स्वतःच पहिला तास बुडवलात तर हे तुमच्याही बाबतीत होईल.

वर्गात

इथं मराठी मुलं अडकतात ती अभ्यासात सहसा नाही. गप्प बसण्यात अडकतात. चर्चेला गुण असतात, आणि आपल्याकडं शिक्षकांचं बोलणं मधेच खोडून काढणं उद्धटपणा समजलं जातं. इथं "मला हे पटलं नाही, कारण..." असं म्हणणाऱ्याकडं प्राध्यापक कौतुकानं बघतात. बोलायला जड जात असेल तर आदल्या रात्री वाचनातला एक प्रश्न लिहून न्या आणि तासाच्या सुरुवातीलाच विचारून टाका. उशीर केला की दुसरा कुणीतरी तोच विचारतो.

निबंधाबाबत सावध राहा. दुसऱ्याचं वाक्य संदर्भाशिवाय वापरलं तर इथं तो गुन्हाच धरतात आणि नोंद राहते. गाइडमधलं पाठ करून उतरवायची सवय असेल तर ती इथं महागात पडेल. एमएलए आणि एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धती ग्रंथालयात शिकवतात, लिहायला मदत करणारं केंद्रही असतं, सगळं फुकट. एआयची मदत किती चालते हे प्रत्येक प्राध्यापकाच्या सिलॅबसमध्ये वेगळं लिहिलेलं असतं. ते वाचा.

आणि ऑफिस अवर्सना, म्हणजे प्राध्यापकाच्या भेटीच्या ठरलेल्या वेळेला, जा. वीस मुलांच्या वर्गात दोन-तीनदा भेटून गेलेला विद्यार्थी प्राध्यापकाच्या लक्षात राहतो. यूसीच्या ट्रान्सफर अर्जाला शिफारसपत्र लागत नाही, पण खासगी विद्यापीठांना लागतं, आणि जॅक केंट कुक फाउंडेशनच्या ट्रान्सफर शिष्यवृत्तीसारख्या मोठ्या शिष्यवृत्त्यांना लागतं. तिची रक्कम वर्षाला 55 हजार डॉलरपर्यंत जाते. पन्नास मुलांच्या वर्गात "ए" मिळवलेल्या विद्यार्थ्याबद्दल प्राध्यापक चार ओळी लिहील. ज्याच्याशी निबंधाच्या तीन मसुद्यांवर वाद झालाय त्याच्याबद्दल दोन पानं लिहील. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांनीही दोन वर्ग घ्यावेत असं वर म्हटलं ते यासाठी.

चांगला उतरलेला निबंध तिथंच सोडू नका. कॅलिफोर्नियातल्या ऑनर्स ट्रान्सफर काउन्सिलची विद्यार्थी संशोधन परिषद असते, तिथं कम्युनिटी कॉलेजची मुलं व्यासपीठावर आपलं काम मांडतात. बे एरियातल्या कॉलेजांचंही स्वतंत्र संशोधन संमेलन होतं. पाठवायचा असतो फक्त सारांश, आणि प्राध्यापक त्याला मदत करतात.

वर्ग मिळत नसेल तर करार

लहान कॉलेजांत हवे तेवढे ऑनर्स वर्ग निघत नाहीत. तेव्हा ऑनर्स कॉन्ट्रॅक्टचा मार्ग असतो: साध्या वर्गात बसायचं, पण प्राध्यापकाशी लेखी ठरवून जादा प्रकल्प करायचा. त्याची मुदत सत्राच्या सुरुवातीलाच संपते. "मी काय करू?" असं विचारत जाऊ नका, एका पानाचा प्रस्ताव घेऊन जा. प्राध्यापकांना या कामाचे जादा पैसे बहुधा मिळत नाहीत, त्यामुळं कुणी नाही म्हटलं तर राग मानू नये. किती करार चालतात याला मर्यादा असते, तीही आधी विचारून घ्या.

ट्रान्सफरचं वर्ष

टॅगचा अर्ज 1 ते 30 सप्टेंबर. यूसीचा अर्ज 1 ऑगस्टला भरायला उघडतो, 1 ऑक्टोबरपासून सादर करता येतो आणि नोव्हेंबरअखेरीस, एखाद्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला बंद होतो. अर्जात ऑनर्सचे वर्ग, झालेले आणि स्प्रिंगला घ्यायचे, नीट त्याच नावानं भरा. जानेवारीत शैक्षणिक माहिती अद्ययावत करायची असते. ते करायला विसरणारी मुलं दरवर्षी असतात. टॅपसाठी प्रमाणित करण्याची यादी कॉलेज पाठवतं, पण त्यात आपलं नाव जावं म्हणून कॉलेजचा अंतर्गत फॉर्म वेळेत भरायची जबाबदारी तुमची. ती तारीख फॉलच्या पहिल्याच आठवड्यात ऑनर्स ऑफिसातून लिहून घ्या. ट्रान्सफरसाठी 60 सेमिस्टर किंवा 90 क्वार्टर युनिट स्प्रिंगअखेर पूर्ण व्हावी लागतात, आणि राहिलेले ऑनर्स वर्गही तोवरच. उन्हाळ्यावर ढकलून चालत नाही.

मधेच सोडायचं झालं तर

सोडता येतं. दंड नाही, ट्रान्सक्रिप्टवर शेरा नाही. झालेले ऑनर्स वर्ग "ऑनर्स" म्हणूनच दिसत राहतात. एखादा वर्ग झेपत नसेल तर आधी त्याच विषयाच्या साध्या सेक्शनमध्ये जाता येतं का बघा. सत्राच्या सुरुवातीच्या मुदतीत वर्ग सोडला तर "डब्ल्यू" (वर्ग सोडल्याची नोंद) लागत नाही, उशिरा सोडला तर लागतो. एफ-1 वाल्यांनी वर्ग सोडण्याआधी 12 युनिट उरतात का ते मोजावं. प्रोग्रामच सोडायचा असेल तर समन्वयकाला ईमेल करा, आणि यूसीच्या अर्जात टॅपचा उल्लेख केला असेल तर प्रमाणपत्राची यादी जायच्या आधी करा.